आधी सोसायटी, मग इमारत

परवा माझ्या भाच्याचा फोन आला. पुण्याजवळ नवीन फ्लॅट घेतलाय त्याने. तीन टॉवर, बाग, पोहायचा तलाव, सगळं आहे. म्हणाला, "मामा, ताबा घेऊन दीड वर्ष झालं. सोसायटी कधी करताय विचारलं तर बिल्डर म्हणतो तिसरा टॉवर होऊ दे. तुम्ही एवढी वर्षं सेक्रेटरी होतात, तुम्हाला माहीत असेल. जमीन नक्की कोणाची असते हो?"

फोनवर मी त्याला कायद्याची दोन-तीन कलमं सांगितली, पण समाधान झालं नाही. त्याचंही नाही आणि माझंही नाही. छत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही! तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं. घरातल्या मंडळींपैकी आणखी चार-पाच जण फ्लॅटच्या शोधात आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

आम्ही शाळेत सहकार शिकवायचो तो म्हणजे प्रवरानगरचा साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ. त्यात गैर काहीच नाही. पण ज्या डोंबिवलीत मी शिकवत होतो तिथल्या मुलांनी ऊस फक्त रसवंतीत बघितलेला. ती सगळी मुलं सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहत होती आणि त्याबद्दल पुस्तकात एक ओळही नव्हती. मलाही काही माहीत नव्हतं हे कबूल करतो. स्वतःच्या इमारतीची जमीन जायची वेळ आली तेव्हा वाचायला घेतलं.

तर गोष्ट सुरू होते मुंबईत, गावदेवीला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या चाळींतून माणसं कशी राहतात हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नवे रस्ते पाडले, नव्या वसाहती आखल्या, गावदेवीही त्यातलीच. पण आखलेल्या जागेवर घर बांधायचं तर पैसा हवा, आणि कचेरीत कारकुनी करणाऱ्याकडे तो कुठून असणार? १९०४ साली हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा झाला होता, पण तो फक्त पतपेढ्यांसाठी. १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची मुभा दिली. या फटीतून एक माणूस आत शिरला. श्रीपाद सुब्राव तालमकी, चित्रापूर सारस्वत समाजातले. याच गृहस्थांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँक सुरू केली होती. १९१५ साली त्यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. आपल्या देशातली ही पहिली. आशियातलीही पहिली असं म्हणतात.

आता यातली गंमत बघा. त्यांनी नमुना घेतला होता इंग्लंडातला. लंडनजवळ ईलिंगला १९०१ पासून भाडेकरूंनी एकत्र येऊन, भागभांडवल जमवून, स्वतःच स्वतःचे घरमालक व्हायची पद्धत सुरू झाली होती. गावदेवीलाही तेच झालं. सभासद आधी एकत्र आले, शेअर घेतले, संस्था नोंदवली, संस्थेने जागा मिळवली, संस्थेने कर्ज काढलं, संस्थेने इमारती बांधल्या. मग सभासद त्यात राहायला गेले, आणि ते कोण म्हणून? संस्थेचे भाडेकरू म्हणून! खोली 'माझी' नव्हती. जागेवरचा आणि इमारतीवरचा हक्क संस्थेचा, आणि संस्थेत माझा भाग. सहकार खात्याच्या वर्गीकरणात आजही 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था' असा प्रकार आहे, तो या घराण्यातला.

म्हणजे क्रम असा होता : आधी माणसं, मग सोसायटी, मग जमीन, मग इमारत. बिल्डर नावाचं पात्र या नाटकात नव्हतंच. कंत्राटदार होता, पण तो बांधून पैसे घेऊन घरी जाणारा.

हा क्रम उलटा कसा झाला ते सांगतो, कारण सगळं पुराण तिथेच आहे.

१९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. महायुद्धानंतरची महागाई, फाळणीनंतर आलेले निर्वासितांचे लोंढे, हे सगळं पाहता सरकारचा हेतू चांगलाच होता. भाडेकरूंना त्यामुळे आधार मिळाला हेही खरं. (आमचे एक मावसकाका गिरगावात मरेपर्यंत अठरा रुपये भाडं भरत होते आणि जिन्याची पायरी मोडली तर घरमालकाच्या नावाने बोटं मोडत होते.) पण भाडं वाढणारच नसेल तर भाड्याने द्यायला नवी चाळ कोण बांधेल? त्या जागी आला 'ओनरशिप'चा फ्लॅट. बांधणाऱ्याने बांधायचा, एकेकाला विकायचा आणि मोकळं व्हायचं. आता माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. प्रत्येक जण एकटा जाऊन बिल्डरसमोर उभा राहत होता. इमारत आधी आली, माणसं मागून आली, आणि सोसायटी सगळ्यात शेवटी, तीही बिल्डरच्या मर्जीने.

व्हायचं तेच झालं. एकच फ्लॅट दोघांना विकणे, पैसे घेऊन बांधकाम रेंगाळवणे, कागद न देणे. संयुक्त महाराष्ट्र होऊन तीन आठवडे होताहेत तोच, २० मे १९६० रोजी, नव्या राज्य सरकारने या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९६१ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा कायदा झाला. यालाच लोक 'मोफा' म्हणतात. किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यापूर्वी लेखी करारनामा करून तो नोंदवायचा. पुरेसे खरेदीदार झाले की संस्था नोंदवायला द्यायची. आणि संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची. यालाच कन्व्हेयन्स किंवा अभिहस्तांतरण म्हणतात. (हा शब्द मला पहिल्यांदा एका दमात उच्चारता आला नव्हता, तेव्हा तुम्ही लाजू नका.)

चार महिने! कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. न करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूदही आहे. आता आमचं ऐका.

आम्ही १९८२ साली डोंबिवलीत फ्लॅट नोंदवला. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज, वर हिच्या चार बांगड्या. चोवीस बिऱ्हाडांची तळमजला अधिक तीन अशी इमारत. १९८४ ला राहायला आलो, १९८६ ला आम्हीच धडपड करून सोसायटी नोंदवली. पहिल्या सभेला पेढे वाटले. आता आपण मालक झालो असंच सगळ्यांना वाटत होतं, मलाही. घरपट्टी आमच्या नावे, वीजमीटर आमच्या नावे, दारावर पाटी आमच्या नावाची. सातबारा बघायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तो एका शेतकऱ्याच्या नावावर होता. बिल्डरने त्याच्याकडून जमीन विकत घेतलीच नव्हती, नुसता विकसनाचा करार केला होता. शेतकरी १९९१ मध्ये वारला आणि सातबाऱ्यावर सात वारस लागले. बिल्डरची भागीदारी मोडली. चार महिन्यांची वीस वर्षं कधी झाली कळलंच नाही.

आणि २००६ च्या मे महिन्यात एके सकाळी मागच्या अंगाला, जिथे आमची मुलं क्रिकेट खेळून मोठी झाली, तिथे पत्रे ठोकायला माणसं आली. बिल्डरच्या एका भागीदाराचं म्हणणं, या भूखंडावर चटईक्षेत्र शिल्लक आहे, जमीन तुमच्या नावावर नाही, मी इथे आणखी एक विंग उभी करणार. आम्ही कागद काढून बघितले आणि पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात ना, ती इथे खरोखरच सरकली होती! म्हणजे ती आमच्या पायाखाली कधी नव्हतीच.

एवढी वर्षं बिल्डर लोक कन्व्हेयन्स का टाळत होते याचं उत्तर त्या दिवशी मिळालं. आळस नव्हता तो. जमिनीचे भाव वाढतात, चटईक्षेत्राचे नियम बदलतात, १९९१ पासून मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क आले. ज्याच्या नावावर जमीन, वाढलेलं सगळं त्याच्या पदरात. खरेदीदाराला भिंती विकायच्या आणि माती स्वतःकडे ठेवायची.

आम्ही दिवाणी न्यायालयात गेलो, मनाई हुकूम मिळाला. तो काळ मला अजून आठवतो. दर महिन्याला प्रत्येक बिऱ्हाडामागे पाचशे रुपये वकिलाच्या फीसाठी. त्यात दोन घरं पेन्शनवर, एक विधवा बाई शिवणकाम करून मुलं शिकवणारी. तिने एकही हप्ता चुकवला नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन गाड्यावाल्यांनी मात्र... असो.

सुटका झाली ती २००८ च्या दुरुस्तीने. मोफामध्ये 'मानीव अभिहस्तांतरण' आलं. बिल्डर किंवा जमीनमालक सही करत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते दोन्ही बाजू ऐकून आदेश देतात आणि संस्था एकतर्फी दस्त नोंदवू शकते. नियम २०१० मध्ये आले, आम्ही २०११ ला अर्ज केला. चोवीस करारनामे गोळा करायचे होते. तीन जणांचे २६ जुलै २००५ च्या पुरात ट्रंकेसकट भिजून लगदा झालेले, त्यांच्या नकला काढल्या. दोन फ्लॅट हातोहात विकले गेलेले, त्यांची साखळी जुळेना. सात वारसांना नोटिसा बजावल्या, त्यातली एक मुलगी सुनावणीला आली आणि म्हणाली, "आमच्या बाबांना पैसे मिळालेत, आम्हाला काही नको." तिला मी नमस्कार केला. २०१२ ला आदेश, २०१४ ला दस्त नोंदला, २०१५ ला सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव चढलं. घर घेतल्यापासून तेहतीस वर्षं. हिने ते बघितलं नाही, आदल्या वर्षी गेली.

एवढं वाचून सगळा दोष बिल्डरचा असं वाटेल. तसं नाही. सोसायटी हातात आल्यावर आपणही काही कमी नसतो! आमच्या पहिल्या मजल्यावरचा एक मुलगा नोकरीसाठी मस्कतला गेला, फ्लॅट भाड्याने दिला. कमिटीने ठराव केला, भाडेकरू ठेवायचा तर दरमहा पाचशे रुपये जादा. सेक्रेटरी मीच. वाटलं, पोरगा परदेशात कमावतोय, देईल. तो दोन वर्षं देत राहिला. मग कोणीतरी दाखवलं, १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो आदेश उचलून धरलाय. आमच्या हिशोबाने ते महिन्याला बत्तीस रुपये होत होते. सगळी जादा रक्कम परत केली. चेक द्यायला मी स्वतः त्याच्या आईकडे गेलो. माउलीने चहा केला, पण बिस्किटं ठेवली नाहीत. बरोबरच होतं तिचं.

आमच्या वेळी कमिटीवर जाणाऱ्यांना एम-२० नावाचा बाँडही द्यावा लागायचा. आपल्या निर्णयांची जबाबदारी कमिटीचे सभासद एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्या घेतात असं त्यात स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागायचं. मी सही करून घरी आलो तेव्हा हिने विचारलं होतं, "म्हणजे तुमची पेन्शन जप्त होणार का?" मी म्हटलं, झाली तर अर्धीच. हसली नाही.

पार्किंगचे तंटे मी लांबवत नाही. इमारतीखालच्या खांबांमधली जागा ना फ्लॅट, ना गॅरेज, ती बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. एवढं पाठ असलेलं बरं. घटनेतली ९७ वी दुरुस्ती २०१२ मध्ये लागू झाली तेव्हाही मोठी धावपळ उडाली, उपविधी बदला, निवडणुका घ्या. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या संस्थांपुरती ती रद्द ठरवली. मधल्या काळात २०१९ ला महाराष्ट्राने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणच घातलं. एकशे चार वर्षांनी का होईना, साखर कारखाना आणि चोवीस बिऱ्हाडांची सोसायटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य झालं म्हणायचं.

एका गोष्टीशी मात्र मी अजून झगडतो. गावदेवीची गोष्ट सांगताना मला तिचं कौतुक वाटतं, आणि मग मनात येतं की ती सगळी एकाच ज्ञातीची माणसं होती. पुढे ताडदेवला तालमकीवाडी झाली तीही समाजाचीच. एकमेकांवर विश्वास होता कारण ती आधीपासून एकमेकांची होती. परक्याला घ्यायचं की नाही हा प्रश्न त्या विश्वासातच दडलेला आहे. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात तो सर्वोच्च न्यायालयात आला. सभासद फक्त पारशी असावेत असा उपविधी असेल तर तो चालेल, असा निकाल लागला. लहान समाज टिकावा म्हणून धडपडतो हे मी समजू शकतो. पण आमच्या गल्लीतल्या एका इमारतीत आडनाव ऐकून फ्लॅट नाकारलेला मी पाहिलाय, आणि तिथे कुठलाही समाज लोप पावत नव्हता. आमच्या चोवीस बिऱ्हाडांत कानडी, गुजराती, कोकणी मुसलमान, आम्ही देशावरचे, सगळे होते. आम्हाला एकत्र आणलं ते पत्रे ठोकणाऱ्यांनी. ओळख नंतर झाली, वकिलाकडे जाताना लोकलमध्ये.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. बाळा, तुझ्या प्रकल्पाला २०१६ चा रेरा कायदा लागतो. त्यात तिसऱ्या टॉवरची वाट बघा असं लिहिलेलं नाही. निम्म्याहून जास्त घरं नोंदली गेल्यापासून तीन महिन्यांत संस्था व्हायला हवी. आधी करारनामा काढून बघ, सोसायटी करणार आहे की १९७० च्या कायद्याखाली अपार्टमेंट. पुण्याकडे अपार्टमेंट बरीच असतात. त्यात घोषणापत्र नोंदवतात आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा प्रत्येक फ्लॅटधारकाच्या नावे येतो, संस्थेच्या नाही. आणि सगळ्यात आधी लिफ्टमध्ये जे भेटतात त्यांची नावं विचारून घे. तुम्ही जण जमलेले नाही, गोळा झालेले आहात. जमायचं काम बाकी आहे.

आमच्याकडे आता पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. इमारत चाळीस ओलांडून गेली, गच्ची गळते, खांबांच्या सळ्या दिसतात. जमीन नावावर असल्यामुळे बिल्डर आता आमच्या दारात माहितीपत्रकं घेऊन येतात. २०१९ च्या सरकारी आदेशाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. माझी सही मी अजून केलेली नाही. तीन वर्षं भाड्याच्या घरात राहून परत यायचं, या वयात तो हिशोब जरा वेगळा मांडावा लागतो. शिवणकामवाल्या बाईंनी केली, त्यांच्या नातवाला वेगळी खोली हवी आहे. पुढच्या रविवारी सभा आहे.

हे सगळं लिहायच्या आधी भाच्याला मी सातबाऱ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पाच मिनिटांत त्याचा प्रश्न आला, "मामा, यात तुमचं नाव कुठे आहे?"

नाही रे. त्यावर फक्त सोसायटीचं नाव आहे. माझं नाव आहे शेअर सर्टिफिकेटवर, कपाटात, हिच्या साड्यांच्या खाली. पन्नास रुपयांचा एक असे पाच शेअर, एकूण रुपये अडीचशे.